माझ्या अंगाचा दाखला

तालीम का सोडलीस, असं कुणी विचारलं की मी आजवर गुडघ्याचं कारण सांगत आलो. गुडघा खरोखरच दुखायचा, त्यामुळे आपण खोटं बोलतोय असं फारसं टोचायचं नाही. आता पन्नाशी जवळ आली. विचारणारे कमी झाले. आणि ज्यांच्यासमोर मी हे सगळं स्वतःच्या तोंडाने बोलायला हवं होतं, ते अप्पा, माझे वडील, गेले. ते असताना मला वाचा फुटली नाही. आता कागदावर फुटते आहे, तर फुटू दे.

हकीगत मांस खाण्या-न खाण्याची आहे.

आमचे पूर्वज घोड्यावर बसून म्हैसूरला आले ते परत गेलेच नाहीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि पुरुष पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या घोडदळात. अप्पाही तिथूनच पेन्शनीत निघालेले. रविवारी मटण शिजायचं, खंडेनवमीला बकरं पडायचं, आणि हे बरोबर की चूक असा प्रश्न आमच्या गल्लीत कुणाला पडलेला मी तरी पाहिला नव्हता. घोडा हरभरा खातो, आपण मटण खातो, संपलं.

मी मात्र घोडदळात गेलो नाही. चार अक्षरं आली म्हणून एका सरकारी कचेरीत कारकून झालो. पण सकाळ तालमीची होती. म्हैसुरात तालमीला गरडी म्हणतात. तिथल्या लाल मातीत मी पंधराव्या वर्षापासून जोर-बैठका काढत होतो. तेवीस-चोविसाव्या वर्षी माझं अंग बघण्यासारखं झालं होतं. हे मी आता ढेरी सुटल्यावर लिहितो आहे, तेव्हा बढाई समजू नये.

एका सकाळी गरडीच्या दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. सडपातळ, पांढरा फेटा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. ते एका शाळेत शास्त्र शिकवत. इकडे शिक्षकाला मेष्ट्रू म्हणतात. मीही त्यांना तेच म्हणायचो. त्यांनी सगळ्यांची कुस्ती बघितली आणि वस्तादांना विचारलं, "हा मुलगा कुणाचा?"

मेष्ट्रू रविवारी दुपारी एका हॉलमध्ये व्याख्यान देत. विषय एकच: माणसाचा देह कोणत्या अन्नासाठी घडला आहे. टेबलावर ते जबडे मांडून ठेवत, कुत्र्याचा, गाईचा, माकडाचा. कुत्र्याचा जबडा नुसता वरखाली होतो, गाईचा आडवाही फिरतो, आणि आपला? "फिरवून बघा," ते म्हणत, आणि अख्खा हॉल रवंथ करायला लागे. मग दोऱ्या निघत. आतड्यांच्या लांबीच्या. कुत्र्याची दोरी आखूड. गाईची हॉलच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जाऊन परत यायची आणि तरी उरायची. माणसाची मधली. ती गुंडाळून दाखवायला त्यांना एक माणूस हवा होता, आणि नुसता माणूस नाही, असं अंग हवं होतं की बघणाऱ्याने म्हणावं, हे पालाभाजीवर झालं?

"तू स्वारांच्या घरातला," ते मला म्हणाले. "ब्राह्मणाचं पोर उभं केलं तर लोक हसतील. तू सहा महिने सोडून बघ. शक्ती गेली तर मी व्याख्यान बंद करीन."

त्यांनी मला स्वतःच्या घरी, स्वतःच्या समोर खुर्चीवर बसवून कॉफी दिली. आमच्यासारख्याला असं कुणी बसवत नसे. मी सोडलं. शपथेने सांगतो, पहिले चार महिने मी मनापासून सोडलं होतं. नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, हुलग्यांचं सारु, दूध, शेंगदाणे, केळी. अंग उतरलं नाही. मातीत कुणाला हरलो नाही. मेष्ट्रू मला कमरेपर्यंत उघडा उभा करत, पोटाभोवती दोरी गुंडाळत आणि म्हणत, "बघा! याच्या अंगात चार महिन्यांत मांसाचा कण गेलेला नाही!" लोक टाळ्या वाजवत. एकदा एका म्हाताऱ्याने येऊन माझा दंड दाबून पाहिला, भोपळा पारखावा तसा.

मग जीभ फिरली.

शक्ती कमी पडली म्हणून खाल्लं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिलो. ते खरं नाही. कचेरीतून घरी येताना वाटेत एक मिलिटरी हॉटेल होतं. इकडे मटण मिळणाऱ्या खाणावळीला मिलिटरी म्हणतात, कारण चालवणारे बहुतेक आमचेच, जुन्या शिपायांचे वंशज. एका गुरुवारी तिथल्या मसाल्याचा वास आला आणि माझे पाय वळले. एवढंच. मागच्या दाराने आत गेलो. चालवणाऱ्या बाई आमच्या लांबच्या नात्यातल्या. त्या हसल्या.

"काय हो पैलवान, दोरी सैल झाली?"

"कुणाला बोलू नका, मावशी."

"मी कशाला बोलते? खाणारा बोलत नाही, वाढणारा बोलत नाही. बसा."

पुढे दर गुरुवारी. बायकोला कळलं असावं. तिने पहिल्याच गुरुवारी रात्री माझा सदरा धुवायला वेगळा टाकला. मी मात्र रविवारी तसाच उभा राहत होतो. दोरी, टाळ्या, मांसाचा कण नाही.

दोन महिने असे गेले आणि एका रविवारी हॉलमध्ये शेवटच्या बाकाजवळ मला अप्पा दिसले. घरी त्यांनी मला माझ्या या थेराबद्दल कधी टोकलं नव्हतं, नुसतं म्हणायचे, "पोरगं गवताला लागलं." पण कुणीतरी त्यांना चिडवलं असणार, की तुझ्या लेकाला उघडा करून दोऱ्या बांधतात. ते मला कान धरून न्यायला आले होते, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं.

त्या दिवशी एक वकील उठले. "मेष्ट्रे, ते सगळं ठीक. मग देवाने आपल्याला सुळे कशाला दिले? लाडू फोडायला?"

हॉल हसला. मेष्ट्रू माकडाचा जबडा उचलून काही सांगू लागले, पण हशा थांबेना. तेव्हा मागून अप्पांचा आवाज आला. मराठी वळणाच्या कन्नडात, पण रिसाल्यात हुकूम सोडावा तसा.

"माफी असावी. सुळे घोड्यालाही असतात."

सगळे मागे वळले. अप्पा उभे राहिले होते.

"नर घोड्याला. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, जिथे लगाम बसतो, तिथे. तीस वर्षं मी रोज सकाळी घोड्याच्या तोंडात हात घातलाय. दात बघून वय सांगतो मी. सुळे असलेला घोडा मी कधी मटण खाताना बघितला नाही, वकीलसाहेब." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "अय्यो. हे माझ्या आजवर लक्षात कसं आलं नाही?"

वकील बसले. टाळ्या झाल्या त्या अप्पांना. पुढच्या रविवारी त्यांनी घोड्यांच्या वैद्याकडून मिळवलेला एक जबडा फडक्यात बांधून मेष्ट्रूंना आणून दिला, सुळ्यांसकट.

त्या पहिल्या रविवारी घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि माझ्या बायकोला हाक मारली. "पोरी, उद्यापासून माझ्या पानात ते वाढू नको."

"का मामंजी? बरं नाही वाटत?"

"बरं वाटतंय. घोडा बरोबर आहे आणि ह्याचं अंग बरोबर आहे. आणखी किती पुरावा पाहिजे?" आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण अप्पांची थाप पाठीवर होती, आणि तशी थाप मला तालमीतल्या कुठल्या कुस्तीनंतरही मिळालेली नव्हती.

साठीच्या माणसाने जिभेचा नाद सोडणं सोपं नसतं. अप्पांनी सोडला. पहिल्या महिन्यात ते चिडचिडे झाले, रविवारी शेजाऱ्यांच्या चुलीचा वास आला की घराबाहेर पडून तळ्यापर्यंत चालत जायचे. मी ते बघत होतो. आणि गुरुवारी मागच्या दाराने आत जात होतो.

असं वर्ष सरत आलं आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्यात घरातल्या तलवारी बाहेर काढून, घासून, हळदीकुंकू लावून पुजतात. बकऱ्याचा बळी होतो आणि जुन्या स्वारांची पंगत बसते. त्या वर्षी पाळी आमच्या घरची. वयाने मोठे म्हणून बकऱ्याच्या मुंडीचा मान अप्पांचा. त्यांनी बकऱ्याऐवजी कोहळा आणला.

पंगतीत अप्पांचे जोडीदार जमादारकाका होते. दोघं एकाच रिसाल्यात तीस वर्षं शेजारी शेजारी घोडे बांधलेले. अप्पांनी तलवारीने कोहळा कापला तेव्हा पहिला टोमणा त्यांचाच.

"वा रे बहाद्दर! शत्रू पडला. आता त्याचे सांडगे घाल."

"घालणार आहे. तुला पाठवतो."

"मला नको. हुलगे खातोस ना रोज? तोबरा बांध आता तोंडाला. खरारा मी करतो."

सगळे हसले, अप्पाही हसले. पण पानावर भात, सारु आणि वालाची भाजी बघून म्हाताऱ्यांची तोंडं उतरली होती. एक जण म्हणाला, नवमीला रक्त न पडता आपल्यात कधी पंगत उठली नाही. अप्पांचं हसू मावळलं. ते म्हणाले, "मी शास्त्र बघून सोडलंय. माझ्या लेकाचं अंग बघा. दीड वर्ष होत आलं."

जमादारकाकांनी हातातला घास खाली ठेवला. मला वाटतं, त्यांना बोलायचं नव्हतं. मित्राला सगळ्यांसमोर हसं होताना बघवलं नाही म्हणून ते बोलले.

"गड्या, तुझा हा दाखला गुरुवारी कुठे जेवतो, ते विचार त्याला."

अप्पा माझ्याकडे वळले. मी वाढत होतो. हातात साराचं भांडं होतं.

"खातोस?"

"नाही."

"जमादार खोटं बोलतोय?"

"चुकून दुसऱ्याला बघितलं असेल त्यांनी."

"तलवारीवर हात ठेव."

पुजलेली तलवार. तिच्यावरचं हळदीकुंकू अजून ओलं होतं. मी भांडं खाली ठेवलं, हात धोतराला पुसला आणि ठेवला. म्हणालो, "नाही खात."

अप्पा जमादारकाकांना म्हणाले, "उठ माझ्या पंगतीतून."

ते उठले. चूळ भरली. जाताना माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, आता शिवी देतील. त्यांनी नुसतं माझ्या कोपराला हात लावला आणि गेले. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. महिन्या-दोन महिन्यांत जमादारकाका मुलीकडे राहायला वरुण्याला, शहराजवळच्या खेड्यात, गेले. तिच्या घरी भातशेती होती, म्हशी होत्या. लोक म्हणायचे, ते शहराला कंटाळले.

मला झोप लागेनाशी झाली. शेवटी एका संध्याकाळी मेष्ट्रूंकडे गेलो. ठरवलं होतं की त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं, सगळं सांगायचं, त्यांनी हाकलून दिलं तर बरंच. ते वह्या तपासत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यांनी शाईची लेखणी पुसून बाजूला ठेवली.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"तू खातोस ते. पहिल्या गुरुवारनंतरच्या रविवारीच कळलं. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी शिवलं नाही, बाबा. आम्हाला वास येतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? सिद्धांत खरा आहे. जबडे खरे, दोऱ्या खऱ्या. तू चित्र आहेस. भिंतीवरच्या चित्राला कुणी विचारतं का, काल काय जेवलास?"

"आणि माझे वडील?"

"त्यांचं भलंच झालं की." मग त्यांनी लेखणी परत उचलली. "रविवारी वेळेवर ये. मंडळी जास्त येणार आहेत."

मी बाहेर आलो. फसवणारा मी. तरी मला फसवलं गेल्यासारखं वाटत होतं, आणि अजूनही वाटतं. मला वाटत होतं की या सगळ्यात एक जण तरी माझ्यावर विश्वास ठेवून बोलतो आहे, त्याच्या विश्वासाचा मी गुन्हेगार आहे. तो विश्वास नव्हताच. खुर्चीवर बसवून कॉफी पाजली ती चित्राला. त्यांनी मला पहिल्याच रविवारी बाजूला घेऊन कानफटात मारली असती, तर अप्पांपर्यंत काही गेलंच नसतं. हा हिशेब मी कित्येकदा मांडला. दर वेळी शेवटी तलवारीवरचा माझा हात आडवा येतो. तो मेष्ट्रूंनी धरून ठेवला नव्हता.

त्यानंतर मी ना व्याख्यानाला गेलो, ना गरडीत. गुडघ्याचं निमित्त तेव्हाच सुरू झालं. अप्पांनी दोन रविवार ऐकून घेतलं. तिसऱ्या रविवारी ते एकटेच गेले.

तिथे मेष्ट्रूंनी दुसरा पैलवान उभा केला होता. व्याख्यान संपल्यावर अप्पांनी त्यांना विचारलं, माझा मुलगा बरा होईपर्यंत थांबला का नाहीत? मेष्ट्रू म्हणाले, "तो येणार नाही. त्याच्याच्याने झेपलं नाही. तो खातच होता. मला सुरुवातीपासून माहीत होतं." हे मला नंतर त्या नव्या पैलवानाने सांगितलं. म्हणाला, तुझ्या वडिलांनी टेबलावरचा घोड्याचा जबडा उचलून फडक्यात बांधला आणि घेऊन गेले.

अप्पा घरी आले तेव्हा दिवे लागले होते. मी पडवीत होतो. माझ्या अंगावरून ते आत गेले. रात्री बायकोने दोन पानं मांडली. अप्पा म्हणाले, "त्याला आधी वाढ. मी मागाहून बसतो." त्या दिवसापासून आम्ही एका वेळी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आधी ते वरुण्याला चालत गेले. मी म्हटलं, मी येतो, मीच काकांची माफी मागतो. ते म्हणाले, "तू कशाला? त्याला पंगतीतून मी उठवलं." दुपार कलल्यावर परत आले, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या माझ्या हातून घेतला नाही. खाली ठेवला तेव्हा उचलला.

"काका काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाला, यायला उशीर केलास, दोस्ता. जेवायला वाढलं."

"मटण?"

"त्यांच्याकडे होतं. माझ्यासाठी मुद्दे आणि सारु वेगळं केलं त्याने."

मला वाटलं होतं, सगळं कळल्यावर ते पुन्हा खायला लागतील. निदान त्या एका बाबतीत माझं पाप हलकं होईल. मी म्हणालो, "अप्पा, आता तुम्ही कशाला सोडून बसलाय? माझ्यामुळे सोडलं होतं ना?"

"मी घोड्याचं ऐकून सोडलं," ते म्हणाले. "घोडा मला कधी खोटं बोलला नाही."

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. मांसाला शिवले नाहीत. सत्तरीतही चामुंडीच्या डोंगराच्या पायऱ्या चढायचे. आता कुणी म्हणेल, बघा, मेष्ट्रूंचा सिद्धांत खरा ठरला. तर त्यांच्या बरोबरीने त्याच पायऱ्या जमादारकाकाही चढायचे, आणि त्यांनी मटणाचा एक रविवार चुकवला नाही. वर पोचेपर्यंत दोघांचाही श्वास सारखाच लागायचा. देह कशासाठी घडलाय हे त्या दोन म्हाताऱ्यांना बघून मला कळलं नाही. माझ्या अंगावरून तर कुणालाच काही कळायचं नाही. मी त्याला धड एकही परीक्षा देऊ दिली नाही. मी पुढे घरात उघडपणे खायला लागलो. चव पूर्वीसारखीच लागली. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे.

अप्पा माझ्यावर कधी ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. फक्त, बाहेर पाऊस आलाय असं मी म्हटलं, की ते उठून अंगणात जाऊन बघायचे. पेन्शनीचा कागद मी वाचून दाखवला, की तोच कागद घेऊन शेजारच्या मास्तरांकडे जायचे. मी सांगितलेली वेळ, मी सांगितलेला भाव, पत्रात कुणी काय लिहिलंय. सगळं एकदा दुसऱ्याकडून. रागाने नव्हे. पाय घसरला होता त्या पायरीवर माणूस पुढे जन्मभर जपून पाय ठेवतो, तसं.

शेवटच्या आजारात डॉक्टर घरी आले. अप्पा फार थकले होते. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांची पापणी ओढून बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मांसाहार बंद होऊन किती वर्षं झाली? मध्ये कधी घेतलं होतं का?"

मी तोंड उघडलं. मला महिना आणि वार दोन्ही पाठ होते.

अप्पांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि डॉक्टरांच्या कोटाची बाही धरली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"त्याला नका विचारू," ते म्हणाले. "सूनबाईला बोलवा."

मी आत गेलो आणि बायकोला बोलावून आणलं.